दोन टिंबांची गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन दिवस एका वाक्यावर खल चालला होता. चकल्या तेलात मोडत होत्या, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. वाक्य मोडू नये म्हणून मात्र दोन माणसे जिवाचे रान करीत होती. त्यांतली एक मी आणि दुसरा माझा भाचा. वाक्य संगणकासंबंधीचे होते, तेही इंग्रजीत. आणि मी पडले मराठीची प्राध्यापिका. तेव्हा या बाईंचे तिथे काय काम, असा प्रश्न या सदराच्या नेहमीच्या वाचकांना पडला तर नवल नाही. आमच्या ह्यांनाही तोच पडला होता. "तुला त्यातलं काय कळतं?" असे ते सोऱ्या धुताधुता म्हणालेसुद्धा. (सोऱ्या ते धूत होते, हे मुद्दाम नमूद करते. श्रेय ज्याचे त्याला द्यावे.)

भाचा पुण्यातल्या एका कंपनीत नुकता लागला होता. सहा महिने उमेदवारीचे, त्यांतले चार संपलेले. वसुबारसेच्या संध्याकाळी तो आला तो पडल्या चेहऱ्याने. पोहे पुढे ठेवले, तर नुसता चमचा फिरवीत बसला. शेवटी म्हणाला,

"आत्या, दोन ओळी लिहायच्यात आणि मला त्या लिहिता येत नाहीयेत."

"प्रेमपत्र आहे का?" ह्यांनी आतून विचारले.

"नाही हो काका. आमच्या टूलच्या माहितीपत्रकात एका छोट्या बदलाची नोंद करायची आहे."

मला हसू आले. माझे विद्यार्थी दोन ओळींच्या प्रश्नाला चार पाने लिहितात. हा चार वर्षे इंजिनियरिंग शिकून दोन ओळींपाशी अडला होता! पण त्याने सगळी हकीकत सांगितली तेव्हा माझे हसू मावळले. ती तुम्हांला सांगते. फक्त आधी थोडी तांत्रिक वाट तुडवावी लागेल. मला समजली आहे, त्याअर्थी तुम्हांलाही समजेल.

आपण घरी जो संगणक वापरतो त्यावर चित्रे असतात, बटणे असतात. पण त्याचा एक जुना अवतारही आहे आणि जाणती माणसे अजून तोच पसंत करतात. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे. एका ओळीत आज्ञा लिहायची, एंटर दाबायचे, की खाली ओळींमागून ओळी उत्तर येते. याला ते कमांड-लाइन म्हणतात. आता उत्तर दहा ओळींचे असले तर ठीक. तीनशे ओळींचे असले तर? ते झरझर वर सरकत जाते आणि आपल्या हाती उरतात फक्त शेवटच्या वीसपंचवीस ओळी. लग्नाच्या पंगतीत वाढपी धावत निघून गेला आणि आपल्या पानात फक्त मीठ पडले, तशी अवस्था!

यावर फार पूर्वीच तोड निघाली आहे. १९७८ साली अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट नावाच्या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पडद्यावर मावेल तेवढाच मजकूर दाखवी, थांबे, आणि तळाशी 'आणखी आहे' अशी पाटी लावी. इंग्रजीत 'आणखी' म्हणजे 'मोर'; म्हणून प्रोग्रॅमचे नाव 'मोर'. पिसाऱ्याचा काही संबंध नाही. पुढे १९८३ ते ८५ च्या सुमारास मार्क न्यूडलमन यांनी त्याहून हुशार प्रोग्रॅम लिहिला. त्यात मागेही जाता येई, शोधताही येई. 'मोर'पेक्षा जास्त करणाऱ्या या प्रोग्रॅमचे नाव त्यांनी ठेवले 'लेस', म्हणजे 'कमी'. 'कमी तेच अधिक' अशा अर्थाची इंग्रजी म्हण आहे, तिच्यावरची ही कोटी. कोट्या करणारी माणसे सगळ्याच खात्यांत असतात, हे पाहून मला आपलेपणा वाटला. अशा प्रोग्रॅमला पेजर म्हणतात; पान उलटणारा. पुराणिकबुवांच्या शेजारी बसून पोथीचे पान सरकवणारा मुलगा असे, तोच हा.

तर भाच्याच्या कंपनीचे एक टूल आहे. त्यांची गिऱ्हाइके म्हणजे माल ठेवणारी गोदामे. टूलला आज्ञा केली की त्या दिवशी कोणकोणत्या दुकानांचा माल जायचा आहे त्याची यादी येते. यादी लांबली की वरचा भाग निसटतो, अशी तक्रार होती. भाच्याने ती मनावर घेतली आणि यादीला पेजर जोडून दिला. काम चार ओळींचे. नवीन आवृत्ती निघाली. काय काय बदलले याची नोंद प्रत्येक आवृत्तीबरोबर जाते, तीत भाच्याने लिहिले: 'यादीचे प्रदर्शन अधिक सोयीचे करण्यात आले आहे.' मूळ वाक्य इंग्रजी. हा माझा अनुवाद. पण विश्वास ठेवा, इंग्रजीतही ते इतकेच पोकळ होते.

पुढे दहा-बारा दिवसांनी सोलापूरकडच्या एका गोदामात एक कारकून बाई रोजच्याप्रमाणे संध्याकाळी सात वाजता कामाला बसल्या. पडद्यावरच्या एका चित्रावर त्या दोनदा टिचकी मारतात. काळी खिडकी उघडते, यादी सरसर वर जाते, मग त्याच खिडकीतून पुढची आज्ञा आपोआप सुटून छपाईयंत्रावर चलने निघतात, आणि खिडकी स्वतःहून मिटते. बाईंना आज्ञा वगैरे काही लिहावी लागत नाही. कोणी तरी पूर्वी या सगळ्या आज्ञा एका कागदावर लिहाव्या तशा लिहून ठेवल्या आहेत. तिला स्क्रिप्ट म्हणतात. बारा वर्षे बाई हे काम करीत आल्या आहेत.

त्या दिवशी यादी एक पडदाभर आली आणि थांबली. तळाशी दोन टिंबे. एकाखाली एक. बस्स!

मराठीच्या मास्तरीणबाईंना दोन टिंबे दिसली की विसर्ग आठवतो. विसर्ग म्हणजे सोडणे. इथे मात्र ती टिंबे कशाला सोडायला तयार नव्हती. बाई वीस मिनिटे थांबल्या. छपाईयंत्र गप्प. मदतीचा फोन सहा वाजताच बंद होतो. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबून खिडकी मिटवली, पुन्हा चित्रावर टिचकी मारली, पुन्हा तेच. चलने निघाली नाहीत, आणि चलनांवाचून गाडी हलत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला माल रात्रभर फाटकाशी उभा राहिला. सकाळी बाईंच्या हातात मेमो पडला: काम चालू असताना खिडकी मधेच बंद केल्याबद्दल खुलासा करावा.

गोदामाने कंपनीकडेही तक्रार केली होती. कंपनीने आपल्या येथे तपासून पाहिले, तो सगळे सुरळीत! मुख्य कचेरीत हीच स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालते, तिथे एकही दिवस खंड नव्हता. तेव्हा 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून तक्रार मिटवण्यात आली. भाच्याच्या ती सहज दृष्टीस पडली. तिच्यात बाईंचे एक वाक्य होते, की पडद्यावर दोन टिंबे येऊन सगळे थांबले. ते वाचले आणि त्याच्या पोटात खड्डा पडला. ती टिंबे कोणाची, हे त्या कचेरीत त्याच्याएवढे कोणालाच ठाऊक नव्हते.

"पण मग मुख्य कचेरीत कसं चालत होतं?" मी विचारले.

"तिथे समोर माणूसच नसतो ना, आत्या. पेजर आधी बघतो, आपलं उत्तर पडद्यावर जातंय की फाईलमध्ये. पडद्यावर जात असलं तरच थांबतो. फाईलमध्ये जात असलं तर कशाला थांबेल? रात्री चालतं तेव्हा ते फाईलमध्ये जातं."

"आणि तू स्वतः करून बघितलंस तेव्हा?"

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्याकडे दहा ओळींची यादी होती. सगळं एका पडद्यात मावलं तर पेजर न थांबताच निघून जावा, अशी सोय असते. ती मीच चालू केली होती. त्यामुळे मला काहीच वेगळं दिसलं नाही. त्यांच्याकडे एरवीही पंधरावीसच ओळी असतात. दिवाळी आली आणि तीनशेच्या वर गेल्या."

किती साधी गोष्ट पाहा! माणसासाठी केलेली सोय, माणूस समोर असेल तेव्हाच आड येणारी, आणि तीही सणासुदीलाच.

भाच्याने वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठ गृहस्थ वाईट नव्हेत. ते म्हणाले, सोलापूरची स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठव आणि माहितीपत्रकात दोन ओळी घाल. स्क्रिप्ट त्याने दहा मिनिटांत दुरुस्त केली. पण इतर गोदामांनी आपापल्या स्क्रिप्टा आपणच लिहिल्या होत्या. त्या याच्या दृष्टीआड. तिथे आता जे काय करायचे ते त्या दोन ओळींनीच. आणि बाईंच्या मेमोचे जे काय व्हायचे तेही.

म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी पहिली हरकत घेतली ती 'करण्यात आले आहे' या प्रयोगावर. ही माझी जुनी अदावत आहे. सरकारी कागदांतून हा प्रयोग आपल्याकडे आला आणि घराघरांत ठाण मांडून बसला. 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे.' कोण ठेवतो? 'प्रवेश नाकारण्यात आला आहे.' कोणी नाकारला? वर्गात मी कर्मणी प्रयोग शिकवते तेव्हा सांगते, की कर्ता लपवण्याची सोय भाषेने दिली आहे, ती क्वचित वापरण्यासाठी. भाच्याच्या वाक्यात कर्ता तर नव्हताच, पण कर्मही धड नव्हते. 'सोयीचे' म्हणजे कोणाला? 'अधिक' म्हणजे कशाहून? वाचून उठणाऱ्या माणसाला एवढेच कळणार, की कोणाला तरी स्वतःचा अभिमान वाटतो आहे.

"मग दुसरे लोक कसं लिहितात?" मी विचारले. "असा बदल तू काही जगात पहिल्यांदा केलेला नाहीस."

तेव्हा त्याने मला गिटची गोष्ट दाखवली. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपल्या मजकुरातला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, का केला, याची वही ठेवतात. त्या वहीचे साधन म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले. त्यातही असाच बदल झाला होता. २०१७ पासून 'टॅग'ची यादी आणि जानेवारी २०१८ मधल्या २.१६ या आवृत्तीपासून 'ब्रांच'ची, म्हणजे शाखांची, यादी पेजरमधून दिसू लागली. नोंद प्रत्येकी एका परिच्छेदाची. पण त्या परिच्छेदात कोणती आज्ञा, काय नवे होते, कोणत्या परिस्थितीत होते, आणि नको असेल तर कोणती कळ फिरवायची, हे चारही होते. स्तुतीचा शब्द एकही नाही.

त्याहून मजा आली ती मूळ माहितीपुस्तकात. शाखांची ती आज्ञा मोठी हिकमती आहे. नुसती लिहिली तर ती यादी देते. पुढे नाव लिहिले तर नवी शाखा काढते. खोडण्याची खूण केली तर शाखा उडवते. आता पेजर यादीला हवा. शाखा खोडताना तो मधे कशाला? म्हणून पुस्तकात एक अट घातली आहे, की हा नियम यादी करतानाच लागू. म्हणजे 'यादी' हा शब्द आज्ञेत लिहिलेला असेल तेव्हा, किंवा तो लिहिलेला नसूनही अभिप्रेत असेल तेव्हा.

"अध्याहृत!" मी जवळजवळ ओरडलेच. "अरे, हे तर अध्याहृत पद!"

'काय करतोस?' 'अभ्यास.' या उत्तरात 'मी' आणि 'करतो' अध्याहृत आहेत, असे आम्ही आठवीपासून शिकवत आलो. तो नियम न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतचे प्रोग्रॅमर पाळतात आणि लिहून ठेवतात, हे मला त्या वसुबारसेपर्यंत माहीत नव्हते. तेव्हापासून आमच्या ह्यांचा प्रश्न निकालात निघाला. मला त्यातले थोडेफार कळत होते.

मोठमोठ्यांच्या घरीही हे चुकलेले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या ढगातल्या सेवांसाठी असलेल्या कमांड-लाइन टूलची दुसरी आवृत्ती आली. तिनेही सगळे उत्तर आपोआप पेजरकडे द्यायला सुरुवात केली. पण त्यांनी माहितीपत्रकात हा बदल 'सुधारणा' म्हणून नव्हे, तर 'जुन्या स्क्रिप्टा ज्यांमुळे मोडू शकतील असे बदल' या यादीत घातला. भाचा म्हणाला, "आत्या, माझ्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक आहे. मी चुकीच्या यादीत लिहिलं."

मी त्याला नाथांची गोष्ट सांगितली. माझ्याकडे येणाऱ्याला एवढे सोसावेच लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथाला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. पाठभेद शिरले होते. नाथांनी काम संपवून शेवटी लिहून ठेवले, की अमुक शकात हे केले, या कारणाने केले, आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये. साल आहे, कारण आहे, पुढच्याला सूचना आहे. चारशे वर्षांपूर्वीची ती आवृत्तीची नोंदच म्हणायची. पण कोणता शब्द काढून कोणता घातला याची यादी नाथांनी दिली नाही. त्यामुळे १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली जुनी पोथी छापली तेव्हापासून आम्ही मराठीवाले भांडतो आहोत. आमची पोटे त्यावर भरतात, हा भाग वेगळा.

"म्हणजे पूर्वी काय होतं तेही लिहायला हवं," भाचा म्हणाला.

"ते तर आधी."

धनत्रयोदशीला सकाळी आम्ही पुन्हा बसलो. इंग्रजी बाजूला ठेवून आधी मराठीत लिहायचे ठरले. कारण मराठीत त्याला पोकळ शब्द चटकन सापडत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले होते. एकेका शब्दावर अडत होतो. पेजर जे दाखवतो ते 'पान' की 'पडदा'? पान म्हटले तर माणूस कागद शोधतो, पडदा ठरला. 'क्यू दाबा', 'क्यू दाबावे' की 'क्यू दाबणे'? 'दाबा' म्हणजे आज्ञा, 'दाबावे' म्हणजे विध्यर्थ, 'दाबणे' म्हणजे कचेरीतली पाटी. मी 'दाबावे'च्या बाजूची. भाचा म्हणाला, संध्याकाळी सात वाजता दारात गाडी उभी असताना विध्यर्थ कोण वाचतो? 'दाबा' ठरले.

दुपारपर्यंत हे तयार झाले:

'आवृत्ती आणि तारीख अमुक. यादी एका पडद्यात मावत नसेल तर आता ती पडदाभर दिसून थांबते. पूर्वी ती न थांबता संपत असे. थांबली की तळाशी दोन टिंबे दिसतात. पुढचा भाग पाहण्यासाठी स्पेस दाबा, बाहेर पडण्यासाठी क्यू दाबा. ज्या स्क्रिप्टमध्ये यादीनंतर आणखी कामे आहेत तिच्यात यादीच्या आज्ञेपुढे नो-पेजर हा पर्याय लिहा. न लिहिल्यास कोणी कळ दाबेपर्यंत पुढची कामे होणार नाहीत. यादी फाईलमध्ये जात असेल तर काहीच बदललेले नाही.'

दोन ओळींच्या सहा-सात झाल्या. शेवटचे वाक्य भाच्याने हट्टाने घातले. ज्याचे काही बदललेले नाही त्यालाही तसे सांगावे लागते, नाही तर तो बिचारा उगाच रात्र जागतो, असे त्याचे म्हणणे. मला ते फार पटले. परीक्षेच्या नियमांत बदल झाला की आमच्या विद्यापीठीय परिपत्रकांतून नेमके हेच वाक्य गाळलेले असते.

बदलांच्या वहीत त्याने आणखी एक ओळ लिहिली: 'मी दहा ओळींच्या यादीवर तपासले होते, मोठ्या यादीवर तपासले नव्हते.' कर्ता उघड, प्रथम पुरुष, एकवचन. मी काही बोलले नाही. चकल्या तळायला उठले.

इंग्रजी करून त्याने वरिष्ठांना पाठवले. संध्याकाळी पणत्या लावत होतो तेव्हा फोन आला. भाचा गॅलरीत जाऊन बोलत होता. पण आमची गॅलरी ती केवढी! सगळे ऐकू येत होते. वरिष्ठांना 'पूर्वी' हा शब्द नको होता. आता काय होते एवढे सांगावे, पूर्वीचे कशाला? 'पूर्वी' म्हटले की गिऱ्हाईक विचारणार, मग आम्हांला कळवले का नाही? दहा ओळींची ती गोष्टही नको. आपण माहितीपत्रक लिहितो आहोत, कबुलीजबाब नव्हे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. त्यांनाही वर कोणाला तरी तोंड द्यायचे होते.

भाचा म्हणाला, "सर, 'पूर्वी' काढलं तर त्या बाईंना दाखवायला काहीच राहत नाही." पलीकडून बराच वेळ बोलणे चालले होते. हा नुसता 'हो सर', 'हो सर' करीत होता. मग म्हणाला, "दहा ओळींचं काढतो. 'पूर्वी' नाही काढत."

आत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. उमेदवारीचे दोन महिने उरले होते, घरी त्याच्या वडिलांनी नुकतेच फ्लॅटचे कर्ज काढलेले. माझा भाऊ मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, की तू पोराला भलत्या वेळी व्याकरण शिकवलंस. या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

भाऊबीज झाली, कचेऱ्या उघडल्या. माहितीपत्रक 'पूर्वी'सकट गेले. दोन महिन्यांनी भाच्याला पत्र आले: 'आपल्या उमेदवारीचा कालावधी तीन महिन्यांनी वाढविण्यात येत आहे.' कोण वाढवतो आहे, का वाढवतो आहे, काही नाही. मी ते पत्र वाचले आणि त्याने माझ्याकडे पाहिले. दोघांनाही एकदमच हसू फुटले. फार आनंदाचे होते असे म्हणवत नाही. तीन महिन्यांनी तो कायम झाला, हे सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको.

सोलापूरच्या बाईंचा फोन मात्र त्याआधीच, दिवाळी संपल्या संपल्या आला होता. मदतीच्या फोनवर आला आणि भाच्यानेच उचलला. बाईंनी माहितीपत्रकाची प्रत मेमोच्या उत्तराला जोडली होती. 'पूर्वी ती न थांबता संपत असे' या वाक्याखाली लाल शाईने रेघ मारून. खुलासा समाधानकारक मानण्यात आला होता. इथेही मानणारा कोण, ते नव्हते. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. तुमच्याकडच्या कोणी हे लिहिले त्यांना धन्यवाद सांगा, असे म्हणाल्या. मीच तो, असे याने सांगितले नाही. बदल करणाराही मीच, हे सांगावे लागले असते.

मग बाई म्हणाल्या, "एक राहिलंय बघा तुमच्यात."

"काय, ताई?"

"तुम्ही लिहिलंय, थांबली की दोन टिंबं दिसतात. बरोबर आहे. पण स्पेस दाबत दाबत मी पार शेवटाला गेले, तर टिंबं गेली आणि कंसात इंग्रजीत 'एंड' आलं. मला वाटलं, झालं काम, आता खिडकी मिटेल. कुठली मिटतेय! तिथंपण क्यूच दाबावं लागतं. ते लिहिलं नाहीत तुम्ही. मी आपली संगणकाला चिठ्ठी चिकटवलीये: 'दोन टिंबं दिसोत नाही तर एंड, क्यू दाबणे.'"

शेवटी 'दाबणे'च! भाच्याने त्याच रात्री मला फोन केला. मी प्रश्नपत्रिका तपासत होते, ती बाजूला ठेवली आणि आम्ही सातव्या ओळीला लागलो.